पदरचं वाक्य

राधाकिशन सर उन्हाळ्यात बीडला प्रशिक्षणाला जाऊन आले आणि कोकरेवस्तीवरच्या म्हाताऱ्यांच्या डोक्याला ताप झाला. वस्तीवरची लेकरं पूर्ण वाक्यात बोलायला लागली.

प्रशिक्षणात बाकीच्या शिक्षकांनी भिंतीकडच्या, टेकून डुलकी काढता येईल अशा जागा धरल्या होत्या. सरांची एसटी उशिरा पोचली, म्हणून त्यांना पुढं बसावं लागलं, आणि पुढं बसल्यामुळं ते शिकले. मुलाला काही विचारलं तर त्यानं हो-नाही म्हणून सुटायचं नाही. उत्तर पूर्ण वाक्यात द्यायचं, आणि पुढं एक वाक्य पदरचं घालायचं. त्यानं मुलाचा विचार मोकळा होतो, असं तिथल्या बाई म्हणाल्या होत्या. सरांना ते पटलं. सरकारी प्रशिक्षणातलं पटण्याचा प्रघात नाही. पण वस्तीवर चौथीपर्यंतचे सगळे वर्ग एका खोलीत, शिकवायला सर एकटे, तेव्हा त्यांना अडवणारं कोणी नव्हतं.

तुळजाबाईच्या घरी या पद्धतीचा पहिला प्रयोग भाकरीवर झाला. तुळजाबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. भाकरी ती हाताच्या अंदाजानं थापायची आणि वासाच्या अंदाजानं उलटायची. तिनं नातीला विचारलं, ऋतुजा, भाकर खाल्ली का गं? चौथीतली ऋतुजा हाताची घडी घालून उभी राहिली.

“मी भाकर खाल्ली आहे. भाकर एका बाजूने करपली होती.”

“बघ गं सुनिते,” म्हातारी सुनेला म्हणाली, “पहिल्या वाक्याला कवटाळावं आन् दुसऱ्याला हाणावं. व्हय म्हणलं तर काय जीभ झडती का हिची?”

सुनिता हसली नाही. ती पोरीच्या हाताकडं बघत होती. कोपरापासून मनगटापर्यंत उसाच्या पाचटानं कापलेल्या रेघा होत्या, मागच्या हंगामातल्या. आता त्या पांढऱ्या पडत आल्या होत्या, आणि यंदा त्यांवर नव्या पडू द्यायच्या नाहीत, असं तिनं पावसाळ्याच्या तोंडालाच ठरवून टाकलं होतं.

उसाला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. सोमनाथ तोडणार, सुनिता मोळ्या बांधून डोक्यावरून ट्रॉलीत चढवणार, हा एक कोयता. लेकरं या हिशेबात कुठंच नसतात. पण फडाच्या कडेला राहायला घातलेल्या कोपीपाशी बसून धाकट्याला सांभाळणारं, पाणी आणणारं, कुत्र्यानं भाकरी नेऊ नयेत म्हणून राखण करणारं कोणी नसलं, तर कोयता अर्ध्या दिवसात घरी येतो. मागच्या साली ते काम ऋतुजानं केलं होतं. परत आली तेव्हा तिला वजाबाकी आठवत नव्हती. सरांनी ती पुन्हा पहिल्यापासून शिकवली.

यंदा तिनं मागं राहायचं होतं. वस्तीच्या शाळेला हंगामी वसतिगृह मंजूर होतं. नाव मोठं, वस्तीवर त्याचा अर्थ एवढाच, की उसाला गेलेल्यांची लेकरं रात्री आजा-आजीपाशी झोपायची आणि सकाळ-संध्याकाळ शाळेच्या पडवीत भात-आमटी जेवायची. तेवढ्यावर पोरगी आजीपाशी राहू शकत होती. धाकट्या परमेश्वराला उसाच्या बांधाला झोळी बांधून ठेवता येईल, असं सुनिता म्हणाली. सोमनाथनं हरकत घेतली नाही. त्याला मतं थोडी होती, आणि जी होती ती मेंढरांबद्दल.

मेंढरांचंच त्या वर्षी वाईट चाललं होतं. आष्टी तालुक्याला पाऊस म्हणजे पाहुणा. येतो म्हणायचं आणि वाट बघायची. पण त्या भादव्यात पाहुणा आला तो उठेचना. सोयाबीनला शेंगेतच कोंब फुटले. वाड्यातल्या चिखलात उभं राहून मेंढरांच्या खुरांत पू झाला. सोमनाथ रोज सकाळी एकेक मेंढी उलटी पाडायचा, मांडीखाली दाबायचा आणि चाकूनं सडलेलं खूर कोरायचा; सुनिता त्यात कडुलिंबाचं तेल आणि राख भरायची. तिच्या हातांचा वास जेवताना जात नसे. मेंढी ओरडत नाही, नुसती थरथरते. उरलेल्या वेळात दोघं चिखलात बसून सोयाबीनचं जेवढं वाचलं तेवढं उपटत.

अशा चिखलात बोरदेवचे सरपंच विजयसिंह वस्तीवर आले. म्हणजे जीप ओढ्याच्या चढाला रुतली आणि ते पायी आले. वस्तीच्या गड्यांनी आधी जीप काढली, मग बोलणं झालं. विजयसिंहांनी मारुतीच्या पारावर बसून बुटाचा चिखल काडीनं काढत सांगितलं, की ज्या शाळेत वीस पोरं नाहीत ती शाळा शेजारच्या मोठ्या शाळेत मिसळायची, असं वरनं चाललंय. बोरदेवची शाळा ओढ्यापलीकडं. तिला फरशी होती, रंग होता, भिंतीवर टीव्ही होता. पोरं तेवढी नव्हती. गावातली ऐपतीची लेकरं टाय लावून पिवळ्या गाडीनं आष्टीच्या इंग्रजी शाळेत जात, त्यात विजयसिंहांची सगळ्यांत आधी. मागं राहिलेल्या पोरांनी टीव्हीपुढची पहिली रांगही भरत नव्हती. सोमवारी विस्तार अधिकारी मॅडम बघायला येणार होत्या.

वस्तीची गोष्ट उलटी होती. पावसाळ्यात शाळेत पाय ठेवायला जागा नसे आणि हंगामात निम्मी लेकरं उसाला गेली की शाळा ओस. मॅडम इथं दिवाळीनंतर येणार म्हणे.

“मग सोपंय,” विजयसिंह म्हणाले. “सावड करू. सोमवारी तुमची लेकरं आमच्या शाळंत बसवा. दिवाळीनंतर मॅडम तुमच्याकडं आली, की आमची लेकरं गाडीतून उतरवून तुमच्या शाळंत. दोनी शाळा राहतेत.”

सावड वस्तीच्या रक्तातली. आज सगळ्यांनी तुझ्या रानात खुरपायचं, उद्या तू सगळ्यांच्या. बैल सावडीनं, पेरणी सावडीनं, मेंढरांची लोकर कातरायची तीही सावडीनं. सावड घेऊन न फेडलेला माणूस वस्तीच्या आठवणीत नव्हता. तेव्हा लेकरांची सावड करण्यात वावगं काय, हे कोणाला सांगता येईना. तुळजाबाईचा दीर आश्रुबा, वस्तीतला जाणता, त्यानं पागोट्याखाली बोट घालून डोकं खाजवलं आणि निकाल दिला.

“सावड हाय, पाप न्हाई.”

राधाकिशन सर कडेला उभे होते. ते काही म्हणाले नाहीत. मास्तर काही म्हणाला तर बदली होते आणि न म्हणालाही तरी होते, हे त्यांना सेवेत शिकायला मिळालं होतं, पण सवय.

बायकांच्या घोळक्यातून सुनितानं एवढंच विचारलं, की टाय लावलेली लेकरं आमच्या शेणानं सारवलेल्या शाळंत बसायला येत्याल का? विजयसिंह तिच्याकडं बघून हसले आणि आश्रुबाकडं बघून उठले.

सोमवारी ओढ्याला मांडीइतकं पाणी होतं. गड्यांनी लेकरं कोकरं नेतात तशी नेली, दोन काखेत, एक मानेवर. सोमनाथनं तीन फेऱ्या केल्या. ऋतुजा चौथीतली, ती झगा कमरेला खोचून, चपला हातात धरून स्वतः चालली. पलीकडं आश्रुबानं सगळ्यांची नाकं आपल्या धोतराच्या सोग्यानं पुसली आणि बजावलं, “खोटं बोलायचं न्हाई. पर खरंबी समदं बोलायचं न्हाई.”

त्या दिवशी राधाकिशन सर वस्तीच्या रिकाम्या शाळेत, फळ्यावर वार आणि तारीख लिहून, एकटेच बसून होते. शाळा बंद ठेवता येत नाही असा नियम आहे.

बोरदेवच्या मोहिनी मॅडमनी लेकरांचे पाय पायरीवर धुवून घेतले आणि आपली पोरं मधून मधून अशी बसवली, की वर्ग मुळापासून असाच असावा असं वाटावं. टीव्हीवरचं प्लास्टिक काढलं. विस्तार अधिकारी प्रियदर्शनी मॅडम नवीन होत्या, वयानं लहान आणि मनानं चांगल्या. हे चांगल्या असणंच पुढं नडलं. वाईट अधिकारी खुर्चीत बसतो, चहा पितो, सही करतो, जातो. या मॅडम खाली फरशीवर मुलांमध्ये बसल्या. एका पोराच्या केसातलं गवत काढलं. पाढे विचारले नाहीत, चित्रं काढायला सांगितली. सगळ्यांनी मेंढ्या काढल्या. मॅडमनी विचारलं, तुम्ही रोज शाळेत कसे येता रे?

लेकरांच्या माना दाराकडं वळल्या. दाराशी आश्रुबा, विजयसिंह, दोन-चार गडी उभे होते. मोहिनी मॅडमनी खिडकीबाहेर बघितलं.

ऋतुजा उभी राहिली. हाताची घडी घातली.

“आम्ही ओढा ओलांडून येतो.”

हे खरं होतं. त्या दिवसापुरतं होतं, पण होतं. आश्रुबानं दारात सोडलेला श्वास खिडकीपर्यंत ऐकू आला. पोरगी मात्र बसली नाही. अजून पदरचं राहिलं होतं. झग्याची ओली कड तिच्या पोटऱ्यांना चिकटलेली होती. ती तिनं सरळ केली.

“आम्हाला ओढ्याचा काही त्रास होत नाही.”

मॅडमचे डोळे भरून आले. खेड्यातल्या पोरींना बोलतं करायचं म्हणून त्या या नोकरीत आल्या होत्या, आणि इथं एक पोरगी बोलत होती. त्यांनी सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या, पर्समधला आपला पेन काढून ऋतुजाला दिला. मग उठताना विजयसिंहांना विचारलं, ओढ्यापलीकडं वस्तीवर शाळा आहे ना?

“आहे ना मॅडम,” विजयसिंह म्हणाले. “पण लेकरांना इथंच गोडी.”

हे त्यांनी आधी ठरवलं होतं की तेव्हाच सुचलं, यावर वस्तीवर पुढं पुष्कळ बोलणं झालं. त्यांना विचारलं असतं तर त्यांनाही सांगता आलं नसतं. सगळ्या लेकरांना त्यांनी जिलबी वाटली.

संध्याकाळी सरांनी ऋतुजाला जवळ बोलावून विचारलं, तू काय बोललीस? तिनं दोन्ही वाक्यं जशीच्या तशी म्हणून दाखवली आणि पेन दाखवला. सरांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. ते शाबास म्हणाले, पण म्हणायला त्यांना वेळ लागला.

दसऱ्याच्या अलीकडं पाऊस उघडला आणि वस्ती हंगामाच्या कामाला लागली. सोमनाथ अंगणात बसून कानशीनं कोयत्याला धार लावू लागला. सुनितानं वाकळ शिवली, कोपीचा पत्रा ठोकून सरळ केला, मिरच्या कुटल्या. नाकातोंडात ठसका गेला तरी हात थांबवले नाहीत. परमेश्वरासाठी जुन्या लुगड्याची झोळी शिवली आणि दोन्ही टोकांना दुहेरी गाठ मारून स्वतः लोंबकळून बघितली. ऋतुजासाठी काही बांधायचं नव्हतं. तिचे कपडे खुंटीवरच राहणार होते.

मग एका सकाळी शाळेपुढं टेम्पो उभा राहिला. त्यात फळा चढला, तराजू चढला, महाराष्ट्राचा नकाशा गुंडाळून चढला. शेवटी दोघांनी मिळून भाताचं मोठं पातेलं आणलं, तेव्हा बायका घरातून बाहेर आल्या.

राधाकिशन सर पडवीच्या खांबाला धरून उभे होते. त्यांनी सांगितलं, की शाळा बोरदेवात मिसळली. दोन्हीकडं मिळून एकच मोठी, टीव्हीची. वस्तीची मुलं मोठ्या शाळेत आनंदानं येतात, अंतराची अडचण नाही, असं मॅडमना प्रत्यक्ष दिसलं आहे. मॅडमनी लई चांगलं लिहिलंय, सर म्हणाले. त्यांची स्वतःची बदली घाटनांदूरकडं झाली होती.

“आन् जेवण?” सुनितानं विचारलं.

“वसतिगृह शाळेबरोबर गेलं. बोरदेवात उसाला जाणारं कोणी नाही. तिथं ते लागत नाही.”

आश्रुबाला हे काही केल्या उमगेना. तो पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिला, की आमची सावड अजून फिटली न्हाई, ती फिटायच्या आधी शाळा का म्हून नेली? दिलेली सावड फेडून घ्यायचा हक्क त्याला ठाऊक होता. तो कुठं मागायचा, हे ठाऊक नव्हतं. टेम्पो हलला. चाकाखाली सारवलेलं अंगण निघालं.

दुपारी सुनिता ऋतुजाला घेऊन बोरदेवला गेली. सोबत पोरगी कशाला, असं सोमनाथ म्हणाला. पोरगी बघून माणूस नाही म्हणत नाही, असं ती म्हणाली. विजयसिंहांच्या घरी ओट्यावर खुर्च्या होत्या. ती खाली, चपला काढायच्या जागेपाशी उभी राहिली. कोणी बस म्हणालं नाही, उभी राहा असंही म्हणालं नाही. ओढ्याच्या पाण्यानं तिच्या लुगड्याचा काठ ठिबकत होता. आतून एक बाई येऊन फरशीवरचं ते पाणी पुसून गेली, तिच्या पायांच्या भोवतीनं.

विजयसिंह बाहेर आले ते प्रसन्न होते. सुनितानं एवढंच मागितलं, की जेवणाची सोय ठेवा, नाहीतर लेकरांना ओढा पार करायला एखादा माणूस द्या. ज्यांना खांदे होते ते सगळे आठ दिवसांत उसाला जाणार; मागं उरणार ती म्हातारी. तिची सासू तर अंगणातला बंब चुकवू शकत नाही, ती ओढा कसा चुकवणार?

विजयसिंहांनी सगळं ऐकून घेतलं. ते म्हणाले, पोरगी हुशार आहे, तिला कशाला माणूस? मॅडमसमोर ती स्वतःच म्हणाली, त्रास होत नाही.



“आणि हे बघ, ताई,” ते उठता उठता म्हणाले, “सावड आमी विसरलो न्हाई. तुमच्या शाळंला कवाबी गरज पडू द्या, आमची लेकरं पाठवतो. शब्द दिलाय.”

परत येताना ओढ्याच्या मध्यावर ऋतुजा थांबली. पाणी उतरून आता गुडघ्याला लागत होतं, पण तळाचे दगड शेवाळले होते.

“आये, म्या बोलले म्हणून का?”

सुनितानं तिचा हात घट्ट धरला. वरच्या अंगाला कोणाच्या तरी म्हशी पाण्यात उतरल्या होत्या आणि पाणी गढूळ होत चाललं होतं.

“पाय बघून टाक,” ती म्हणाली.

त्या संध्याकाळी तिनं खुंटीवरचे कपडे काढून वाकळीत बांधले. झोळी उसवली आणि तिचं फडकं करून भाकरीच्या टोपल्यावर टाकलं. आता झोळीची गरज नव्हती. पोरीनं मॅडमचा पेन कोनाड्यात, देवीच्या तसबिरीमागं ठेवला. सोमनाथ मेंढरं आश्रुबाच्या वाड्यात घालून आला आणि कोयत्याला पुन्हा धार लावत बसला. धार आधीच लागलेली होती.

दसरा झाला आणि मुकादमाचा ट्रॅक्टर आला. सकाळचं ऊन नुकतंच पडलं होतं. ट्रॉलीत पत्रे, वाकळा, पीठ, कोंबड्या, त्यांच्यावर माणसं. तुळजाबाई दाराला धरत धरत बाहेर आली. तिनं ऋतुजाचं तोंड हातांनी चाचपलं, कान, कपाळ, हनुवटी. गुढीपाडव्यापर्यंत या हातांच्या अंदाजात ते राहावं, म्हणून दोनदा चाचपलं. मग हलकेच म्हणाली,

“बये, ते शाळंतलं बोल की गं एकडाव. आहे-बिहे घालून. करपली म्हण भाकर, म्या काय म्हणणार न्हाई.”

ऋतुजानं मान हलवली. म्हातारीला ते दिसलं नाही. ती हात तसाच धरून, कान पुढं करून उभी राहिली. सोमनाथनं पोरीला काखेत धरून ट्रॉलीत उचलून ठेवलं, तरी ती तशीच उभी होती.

ओढ्याच्या पलीकडच्या काठाला पिवळी गाडी थांबलेली होती. चढावरचा रस्ता एका गाडीपुरता, ट्रॅक्टर पार झाल्याशिवाय तिला वाट नव्हती. टाय लावलेली लेकरं काचांना नाकं चेपून बसली होती. एकानं कोंबड्यांकडं बोट दाखवलं. ट्रॉली दगडांवरून हेलकावत पाण्यात उतरली. बायकांनी पिठाचे डबे मांडीवर घेतले. ऋतुजा वाकळींच्या गठ्ठ्यावर बसली होती, मांडीवर परमेश्वर. त्यानं तिच्या हातावरच्या पांढऱ्या रेघांवर तोंड टेकलं होतं आणि त्याची लाळ तिथून खाली ओघळत होती.

पुढं ड्रायव्हरशेजारी बसलेला मुकादम मागं वळला. माणूस स्वभावानं वाईट नव्हता. लेकरांची तो चौकशी करायचा.

“काय गं पोरी, लेकरू घेऊन बसलीस. काय तरास न्हाई ना?”

ऋतुजानं आधी आईकडं बघितलं. सुनिता पाण्याकडं बघत होती.

“न्हाई,” ती म्हणाली.

मुकादम क्षणभर तसाच वळून राहिला, पोरगी आणखी काही बोलेल म्हणून. मग पुढं बघू लागला. ट्रॉली चढाला लागली, आणि ती बाजूनं गेल्यावर पिवळी गाडी आष्टीच्या रस्त्याला लागली.